उशापाशी बसणारे माणूस

एखाद्या गृहसंस्थेच्या फाटकाशी रात्रभर खुर्ची टाकून बसणारा पहारेकरी कोणत्या कंपनीने पाठविला, त्या कंपनीजवळ परवाना आहे की नाही, त्या माणसाच्या चारित्र्याची शहानिशा झाली की नाही, आणि कामावर रुजू होण्यापूर्वी त्याला काही शिक्षण मिळाले की नाही, या सर्व गोष्टींची विचारपूस करण्याचा अधिकार खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ सालच्या केंद्रीय कायद्याने शासनाला दिलेला आहे. परंतु त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध गृहस्थांच्या उशापाशी त्याच रात्री जी बाई बसलेली असते, जिच्या हाती त्यांची औषधे, त्यांचे अन्न, त्यांची लाज आणि पुष्कळदा कपाटाच्या किल्ल्याही असतात, तिच्याविषयी असे प्रश्न विचारणारा खास कायदा आपल्याकडे नाही. रुग्णालयवजा संस्थांची नोंदणी करणारा कायदा मुंबई राज्याने १९४९ सालीच केला होता व तो आजही महाराष्ट्रात लागू आहे. पण त्याची हुकमत संस्थेच्या दारापर्यंत चालते, घराच्या दारापाशी ती थांबते. उंबरठ्याबाहेरचे ते सरकारचे आणि उंबरठ्याच्या आतले ते ज्याचे त्याचे, ही आपल्या राज्यकर्त्यांची आणि खरे म्हणजे आपली स्वतःचीही जुनी समजूत आहे, आणि घरी राहून वृद्धापकाळ काढणाऱ्यांच्या शुश्रूषेचे पुढे काय होणार, हा प्रश्न फिरून फिरून त्या समजुतीपाशीच येऊन अडतो.

आकड्यांचा विचार थोडक्यात आटोपून घेऊ, कारण या विषयावरील प्रत्येक भाषण आकड्यांनी सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९, गोव्यात ११.२ आणि केरळात १२.६ टक्के होते. केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञगटाच्या अंदाजाप्रमाणे २०३६ साली देशातील ही संख्या २२ कोटी ७० लाखांच्या घरात जाईल. साठी उलटलेला प्रत्येक मनुष्य परावलंबी असतो असे अर्थातच नाही. सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढून जाणारे सत्तरीचे गृहस्थ पुण्यात आजही दिसतात आणि त्यांच्यापुढे तिशीतल्यांना धाप लागते. परंतु २०१७-१८ साली देशभर झालेल्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक पाहणीत साठीपुढील सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, खोलीत चालणे, अंथरुणातून उठणे, शौचास जाणे यांपैकी निदान एका गोष्टीत अडचण असल्याचे आढळून आले. भाषणांतील कोट्यवधींपेक्षा हा चौथा हिस्सा अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण दिवसातून काही काळ दुसऱ्या कुणाचा तरी हात लागणारी माणसे ती हीच.

पूर्वीच्या एकत्र कुटुंबात हा हात मागावा लागत नसे, असे आपण अभिमानाने सांगतो. वाड्याच्या माजघरात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सासऱ्याचे सर्व काही अंथरुणातच होत असे आणि ते सर्व काही करणारी कोणीतरी घरातच असे, हे खरे. परंतु ती कोण असे? बहुधा धाकटी सून, नाही तर अकाली वैधव्य येऊन माहेरी परतलेली आत्या, जिच्या श्रमाची नोंद घरच्या जमाखर्चात दोन वेळच्या जेवणापलीकडे कुठेच होत नसे. श्रावणबाळाचे श्रेय मुलाला आणि मोरीतले काम सुनेला, अशी ती वाटणी होती. त्या व्यवस्थेचा लोप झाला म्हणून ज्यांना हळहळावयाचे असेल त्यांनी हळहळावे, मात्र जिने ती चालविली तिला एकदा विचारून मग हळहळावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या श्रमाला विद्येचे आणि वेतनाचे रूप देता येते, हे जगाला कळून दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने, आपल्या पत्नीच्या अखेरच्या आजारात जिने शुश्रूषा केली त्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला, १८५९ साली शहरातील गोरगरिबांच्या घरी जाऊन तेच काम करण्यासाठी पगारावर नेमले, आणि घरोघर फिरणाऱ्या परिचारिकेची इंग्लंडातील परंपरा तिथून उभी राहिली. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात निघालेल्या सेवासदनाने स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाची वाट दाखविली, तेव्हा परक्याच्या अंगाला हात लावणे हे कुलीन घरच्या बाईचे काम नव्हे, अशी समजूत सर्वत्र होती. ती समजूत रुग्णालयापुरती पुढे मावळली. परिचारिकेला पदवी मिळाली, गणवेष मिळाला, १९४७ च्या कायद्याने तिच्या शिक्षणाचे नियमन करणारी परिषद स्थापन झाली. घरात मात्र ती जुनी आत्याच राहिली. फरक इतकाच, की आता ती रोजंदारीवर येते.

ही बाई करते तरी काय, हे जवळून पाहिल्याखेरीज तिच्या भवितव्याची चर्चा हवेत राहील. डावे अंग लुळे पडलेल्या मनुष्याला पलंगावरून खुर्चीत बसवावयाचे आहे, एवढीच गोष्ट घ्या. घरची माणसे, प्रेमापोटीच, त्याच्या दोन्ही बगलांत हात घालून त्याला वर ओढतात, आणि लुळ्या हाताचा आधीच सैल झालेला खांदा निखळण्याची वेळ आणतात. जाणती बाई प्रथम खुर्ची आणते आणि ती त्याच्या धडधाकट बाजूला, उजवीकडे, ठेवते; मग त्याला कुशीवर वळवून पाय पलंगाखाली सोडते आणि बसता करून मिनिट-दोन मिनिटे तसेच राहू देते, कारण बराच वेळ आडवा असलेला म्हातारा मनुष्य एकदम उभा केला तर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. मग ती आपला गुडघा त्याच्या दुबळ्या गुडघ्याला टेकवते, कमरेला दोन्ही हातांनी धरते, “आजोबा, पुढे वाका, नाक माझ्या खांद्याकडे” असे म्हणते, आणि त्याच्याच वजनाचा झोक घेऊन त्याला पावलावर फिरवून बसवते. उचलणे असे त्यात जवळजवळ नसतेच. ज्या बाईला हे येत नाही तिची कंबर काही वर्षांत कामातून जाते, आणि तिच्या हातून कधी ना कधी एखादा म्हातारा फरशीवर पडतो.

तीच गोष्ट त्वचेची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर माकडहाड, कंबरेची बाजू आणि टाचा या जागी शय्याव्रण होते. ते एकदा खोल गेले की महिनोन्‌महिने भरत नाही आणि पुष्कळ वृद्धांचा अंत मूळ व्याधीने न होता त्यातून पसरलेल्या जंतुदोषाने होतो. व्रण होण्यापूर्वी जी लाली येते ती गोऱ्या कातडीवर डोळ्यांना दिसते, आपल्या सावळ्या कातडीवर ती सहसा दिसत नाही. तिथे बोटांनी चाचपून पाहावे लागते, भोवतालच्या कातडीपेक्षा ती जागा गरम किंवा घट्ट लागते काय ते. भरवतानाही तेच. पेल्याने पाणी पाजण्यासाठी मान मागे कलती केली की ठसका लागतो आणि पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरतो. म्हणून मनुष्य ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, पेज पातळ न ठेवता दाटसर, घास लहान, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ द्यावयाचे नाही. यांतील एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही, एकीलाही फारसा खर्च येत नाही, आणि एकही गोष्ट उपजत येत नाही.

आता ही विद्या ती शिकते कुठे? शहरातल्या औषधांच्या दुकानांच्या काचांवर आणि विजेच्या खांबांवर ‘पेशंट केअर, आया, मामा, सिस्टर, चोवीस तास’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. त्यांवरील क्रमांकावर विचारणा केली की ‘ब्यूरो’ नामक एक व्यवस्था हजर होते: दोन खोल्यांचे दप्तर, एक वही, दोन भ्रमणध्वनी आणि गावाकडून आलेल्या बायांची एक हलती यादी. काही ब्यूरो प्रामाणिक आहेत, काही बाईला पाठविण्यापूर्वी आठवडाभर शिकवतातही. मोठ्या कंपन्याही या धंद्यात अलीकडे उतरल्या आहेत आणि त्यांची माहितीपत्रके गुळगुळीत कागदावर छापलेली असतात. पण सर्वसाधारण रीत अशी, की घरमालक महिन्याची रक्कम ब्यूरोकडे भरतो, ब्यूरो आपला हिस्सा कापून घेतो, आणि उरलेले बाईच्या हाती पडते. किती कापले हे घरमालकाला ठाऊक नसते, किती भरले हे बाईला ठाऊक नसते. आधीचा पेशंट हेच तिचे विद्यापीठ. पहिल्या म्हाताऱ्याला झालेल्या शय्याव्रणावर ती शिकते आणि दुसऱ्याला त्याचा लाभ मिळतो.

तिच्या पाळीचा हिशेब सोपा आहे. दिवसपाळी बारा तासांची, रात्रपाळीही बारा तासांची. आठवड्याची सुट्टी नसेल तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास होतात. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ च्या कायद्यानेच आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. ‘चोवीस तासांची’ म्हणून जी घरातच राहते तिचा तर हिशेबच करू नये, कारण रात्री दोन वाजता म्हाताऱ्याला लघवीला उठवावे लागले तर ती झोप मोडली असे धरावयाचे की काम केले असे धरावयाचे, हे कुठेच लिहिलेले नाही. वेतनाखेरीज काही बारीक गोष्टी आहेत, ज्यांचा उच्चार बैठकीच्या खोलीत होत नाही, पण ज्यांवर बाई टिकते किंवा निघून जाते. तिने जेवावयाचे कुठे, घरचे की डब्यातले. तिचे ताट घरच्या ताटांबरोबर घासले जाते की निराळे ठेवले जाते. तिला घरातले शौचालय वापरू देतात की खाली पहारेकऱ्याच्या शौचालयात धाडतात. आणि “मावशी, तुम्ही बसूनच आहात तर तेवढी मेथी निवडून टाका” हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकू येते. ज्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे अशा एखाद्या गृहस्थाचा हात, एरवी आयुष्यभर सभ्य असलेल्या गृहस्थाचा, भलतीकडे गेला तर तिने सांगावयाचे कुणाला? स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे व जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे फिर्याद करण्याची सोय ठेवली आहे. उंबरठा ओलांडून आत आलेल्या मोजक्या कायद्यांपैकी हा एक. पण अशा म्हाताऱ्याला कसे आवरावे, त्याचे मन दुसरीकडे कसे वळवावे, हे शिकविणे फिर्यादीपेक्षा अधिक कामाचे असते, आणि तेही तिला कुणी शिकवलेले नसते.

परदेशी असलेल्या मुलांनी यावर कॅमेऱ्याचा तोडगा काढला आहे. कोथरूडच्या किंवा पार्ल्याच्या घरातील बिछान्यावर भिंतीच्या कोपऱ्यातून एक काचेचा डोळा रोखलेला असतो आणि न्यू जर्सीतला मुलगा आपल्या सकाळी इथली संध्याकाळ पाहतो. त्याच्या काळजीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु बाई डुलकी घेते हे त्या डोळ्याला दिसते, ती चौदावी सलग रात्र आहे हे दिसत नाही. आणि ज्याची काळजी म्हणून तो बसविला त्या वडिलांचे कपडे बदलले जात असताना तो झाकावा, हेही बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही.

पैशाच्या प्रश्नाकडे वळले की मध्यमवर्ग एकदम गप्प होतो. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धाला १,५०० रुपये मिळतात. या रकमेत मदतनीस बाईचे वेतन सोडाच, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा डायपरचा खर्चही निघत नाही. सत्तरीवरील प्रत्येकाला २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळाले, ते कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे, आणि ती मोठीच गोष्ट झाली. पण ते रुग्णालयात दाखल झालेल्याचे. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचा खर्च निघतो, हाड मोडू नये म्हणून मोरीपर्यंत हात धरून नेणारीचा निघत नाही.

जपानने नेमक्या याच विसंगतीतून धडा घेतला. तिथे १९७३ साली सत्तरीवरील वृद्धांना वैद्यकीय उपचार विनामूल्य केले गेले, आणि काही वर्षांतच असे दिसून आले की घरी बघणारे कोणी नाही म्हणून हजारो वृद्ध, आजार बरा झाल्यावरही, रुग्णालयांतील खाटा अडवून बसले आहेत. सर्वांत महाग जागी सर्वांत साधी सेवा सरकारी तिजोरीतून दिली जात होती. १९९७ साली शुश्रूषा विम्याचा कायदा झाला व १ एप्रिल २००० पासून तो अमलात आला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्गणी भरावयाची; निम्मा खर्च वर्गणीतून, निम्मा करांतून; सेवा घेणाऱ्याने सामान्यतः दहावा हिस्सा स्वतः द्यावयाचा. नगरपालिकेचा मनुष्य घरी येऊन वृद्धाला काय जमते व काय जमत नाही याची ठराविक प्रश्नांनी पाहणी करतो, त्यावरून सात पायऱ्यांपैकी एक पायरी ठरते, आणि त्या पायरीला मंजूर असलेल्या मर्यादेत आठवड्याचे वेळापत्रक आखून देणारा एक व्यवस्थापक नेमला जातो. मंगळवारी अंघोळ घालणारी येईल, गुरुवारी दिवसभराच्या केंद्रात नेणारी गाडी येईल, असे.

त्या कायद्याच्या वेळी एक वाद फार उद्‌बोधक झाला. जर्मनीने १९९५ साली सुरू केलेल्या अशाच विम्यात, घरच्यांनीच सेवा केली तर त्यांना रोख रक्कम घेण्याची मुभा ठेवली होती; जपाननेही तसे करावे असा आग्रह होता. केइको हिगुची यांच्यासारख्या स्त्री-कार्यकर्त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पैसे कुटुंबाच्या नावाने येतील आणि काम सुनेच्या माथी राहील, उलट आता तिला नाही म्हणण्याचीही सोय उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले, आणि जपानी कायदा रोख रकमेऐवजी सेवाच देतो. आपल्या वाड्यातल्या आत्याची कैफियत इतक्या स्पष्टपणे आपल्या कोणत्या विधिमंडळात मांडली गेली असेल, असे वाटत नाही.

तरीही जपानचे चित्र रंगवून सांगण्यात अर्थ नाही. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यात व वाट पाहण्यात जाणाऱ्या वेळेचे वेतन मिळत नाही म्हणून तीन गृहसेविकांनी २०१९ साली शासनावर दावा लावला आणि त्या हरल्या. २०२४ साली घरी जाऊन द्यावयाच्या सेवेचे मूळ दर शासनाने उलट कमी केले. सेविका मिळेनात, असा तिथला आक्रोश आहे. विम्याने पैसा आणला, व्यवस्था आणली, पण जिच्या हातून ते सर्व घडावयाचे तिच्या श्रमाचा भाव जिथे कोता राहिला तिथेच गाडी रुतली. यंत्रांनी ती निघेल अशीही आशा होती. जपानच्या ‘रिकेन’ संस्थेने २०१५ साली अस्वलाच्या तोंडवळ्याचा, माणसाला पलंगावरून उचलणारा ‘रोबेअर’ नामक यंत्रमानव जगाला दाखविला व त्याची चित्रे सर्वत्र झळकली. तो प्रयोगापलीकडे गेला नाही. पडल्याची वर्दी देणारे घड्याळ, कूस बदलण्यास साहाय्य करणारी हवेची गादी, वेळेवर वाजणारी औषधांची डबी, ही साधने उपयोगी आहेत व ती येत राहणार. पण माकडहाडावरची कातडी बोटांनी चाचपून पाहावी लागते, तिथे अजून बोटेच लागतात.

आपल्या देशात केरळने निराळा मार्ग दाखविला. १९९३ साली कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक व परिहारक शुश्रूषेची संस्था स्थापिली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वर्गणीवर व स्वयंसेवकांवर चालणारे जाळे पसरले, आणि २००८ साली राज्य शासनाने त्यासाठी धोरणच जाहीर केले. ग्रामपंचायतीच्या परिचारिका गाडीतून घरोघर जातात, मूत्रनलिका बदलतात, व्रण धुतात, आणि मुख्य म्हणजे घरच्यांना शिकवून जातात. ही परिचारिका रोज येत नाही, रात्री उशापाशी बसत नाही. तो भार घरच्या बाईवरच राहतो. परंतु अंथरुणाला खिळलेला मनुष्य हा पंचायतीच्या दप्तरातला विषय आहे, रस्ता आणि पाणीपुरवठा यांच्या जोडीला तोही आहे, एवढे तिथे मान्य झालेले आहे. आमच्या ग्रामपंचायतीला आणि महानगरपालिकेला हे अजून कुणी सांगितलेले नाही.

महाराष्ट्रात मनुष्यबळच नाही म्हणावे, तर तसेही नाही. २०२४ साली राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांताशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, आणि त्यासाठी निवडलेल्या व्यवसायांत परिचारिकांच्या जोडीला आजारी व वृद्ध माणसांची शुश्रूषा करणारे साहाय्यकही होते. जर्मन म्हाताऱ्याला प्रमाणपत्र असलेली, ठराविक तासांची, रजा असलेली मराठी मुलगी मिळावी आणि तिच्या स्वतःच्या आजीला ब्यूरोच्या वहीतले नाव मिळावे, यात त्या मुलीचा काही दोष नाही. जिथे कामाला मोल आहे तिथे माणसे जाणारच.

केंद्र शासनाला हा विषय सुचलाच नाही असेही नव्हे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी वसूल करण्याची सोय केली. त्या कायद्यात दुरुस्ती करणारे जे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेपुढे आले, त्यात घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी करावी आणि त्यांच्यासाठी किमान निकष ठरवावेत, अशी कलमे होती. विधेयक समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही व्यपगत झाले. त्याबद्दल कुठे मोर्चा निघाल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

परंतु खरे पाहता महाराष्ट्राला दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही, कारण लागणारे हत्यार आपल्याच कायद्यांच्या पोथीत आहे. बाजारपेठेत आज या व्यापाऱ्याचे तर उद्या त्या व्यापाऱ्याचे ओझे वाहणाऱ्या, ज्याला एक असा मालकच नाही अशा हमालासाठी या राज्याने, अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर, १९६९ साली माथाडी कायदा केला. कामगाराची नोंद मंडळात, मालकाची नोंद मंडळात. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठराविक अधिभार मंडळाकडे भरावयाचा, आणि मंडळाने मजुरी देऊन अधिभारातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान यांची तरतूद करावयाची. १९८१ साली हीच रचना पहारेकऱ्यांना लावली गेली. मुंबईच्या गोदी कामगारांना तर १९४८ च्या कायद्याखाली, ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशीही हजेरी भत्ता मिळू लागला होता. आणि पेशंट गेला त्याच दिवशी जिची नोकरी जाते, त्या बाईला सर्वांत अधिक गरज असेल तर ती अशाच भत्त्याची. मदतनीस बाईची नोंद, तिच्या शिक्षणाच्या दोन-तीन पायऱ्या, ओळखपत्र, आठवड्याची सुट्टी व त्या दिवशीची बदली, दोन पेशंटांच्या मधल्या काळाचा भत्ता, आणि गरीब वृद्धाच्या वाट्याची रक्कम शासनाने भरावयाची, असे मंडळ प्रत्येक मोठ्या शहरात निघू शकते. त्यासाठी नवी विद्या शोधावी लागत नाही.

माथाडी मंडळांची पुढे काय अवस्था झाली, बोगस टोळ्या आणि खंडणीच्या तक्रारी कशा वाढल्या, हे ठाऊक असलेला वाचक येथे हसेल, आणि त्याचे हसणे अगदीच अस्थानी नाही. घरकामगारांसाठी २००८ साली झालेल्या कल्याण मंडळाच्या कायद्याचे काम कसे रेंगाळले, हेही तो दाखवून देईल. मध्यमवर्गीय घरमालक तर म्हणेल, की आधीच महिन्याचा खर्च डोईजड झालेला, त्यावर अधिभार कुठून भरू? त्याला उत्तर एवढेच, की ब्यूरोचे कमिशन हा अधिभारच आहे, तो आजही तो भरतोच आहे. फक्त त्यातून कुणाचा भविष्यनिर्वाह होत नाही.

कोरोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे प्रवासातील सवलत बंद झाली, आणि तेव्हापासून गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ ती परत मिळावी म्हणून निवेदने देत आहेत. निवेदने द्यावीत, सवलत मिळावी; पण प्रवास कायमचा थांबल्यावर काय, याचाही विचार त्या कागदावर व्हावा. ज्यांच्या संघांच्या बैठका दर महिन्याला भरतात, ज्यांच्यातले निम्मे लोक निवृत्त कारकून, शिक्षक व अधिकारी असल्याने अर्ज कसा लिहावा हे ज्यांना शिकवावे लागत नाही, त्या वाचकांना विनंती अशी, की पुढच्या निवेदनात रेल्वेच्या मागणीखाली आणखी एक कलम लिहावे: घरी शुश्रूषा करणाऱ्या बायांची नोंदणी, शिक्षण व वेतन यांसाठी शासनाने मंडळ स्थापावे. आणि ते होईपर्यंत, आपल्या घरी जी मावशी येते तिची सुट्टी कोणत्या वारी, हे आज संध्याकाळी तिच्याशी बोलून ठरवावे.